काळे तीळ लावलेला भात
शेजारी कुणी काळे तीळ भाजायला घेतले, की मला पवईतलं आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं छोटं जपानी हॉटेल आठवतं. वडिलांच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवलाच नव्हता. दोन तास हात जोडून शेवटी आम्ही दर्भाचा कावळा लावला, आणि त्यांची कुठली इच्छा राहिली असेल, या विचाराने आईची झोप उडाली. महिन्याभराने मी तिला म्हटलं, "चल गं, आज नूडल्स खाऊ. सुर्र आवाज केला तरी तिथे कुणी नावं ठेवत नाही!" कागदी कंदिलांखाली, सोयासॉसच्या खारट वासात, काड्यांवरून निसटणाऱ्या नूडल्सना शिव्या घालत आई चक्क हसली. तेवढ्यात मालकीणबाईंनी कौतुकाने आपल्यातर्फे एक ताटली आणून ठेवली. भाताचे तीन गोळे, वर काळे तीळ. आईचा चेहरा पांढराफटक पडला. "हे कुणी मागवलं रे?" मी जन्माचा सोंगाड्या, वाटलं, हसवलं की निभावेल. कोपरं पंखांसारखी फडफडवली, मान वाकडी केली आणि "काव काव" करत एका गोळ्याचा लचका तोडला. पलीकडच्या टेबलावर हशा पिकला. आईने मात्र डोक्यावर पदर घेतला, माझ्यापुढे हात जोडले आणि हळूच विचारलं, "इतका उशीर का केलात हो? काय राहिलं होतं तुमचं?" वडिलांचा आवाज मला आजही हुबेहूब काढता येतो. "काही नाही गं," एवढंच त्या आवाजात म्हणायचं होतं. मी घास गिळला आणि म्हणालो, "आई, अगं मी आहे."