सगळ्या सर्व्हरांचं नाव सुमन

एकच काम दोनदा करावं लागलं की ज्याच्या कपाळाची शीर उडायला लागते, असा माणूस अख्ख्या भोपाळात एकच होता, आणि तो नेमका माझ्या सुमनमावशीच्या वाट्याला आला. काका मूळचे ग्वाल्हेरचे, टाउनशिपच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात. नवा सर्व्हर आला की बाकीची मंडळी त्याच्यासमोर बसून त्याच्या प्रश्नांची उत्तरं देत राहायची: भाषा कोणती, घड्याळ कुठलं, नाव काय, पासवर्ड काय. दुसरा आला की पुन्हा तेच. काकांनी एकदाच सगळी उत्तरं एका फाइलीत लिहून ठेवली. नवं मशीन सुरू करायचं, त्याला ती फाइल द्यायची आणि कँटीनमध्ये पोहे-जिलेबी खायला जायचं. परत येईपर्यंत मशीन तयार. एकदा साहेबांनी त्यांना कँटीनमध्येच गाठलं. "सर्व्हर कोण बसवतंय?"

"वो खुद ही, साहेब. मी समोर बसलो की उगाच लाजतं."

हीच रीत घरीदारी. लग्नकार्यात कुणी समोर आलं की त्यानं तोंड उघडायच्या आत काका सांगून मोकळे: "नमस्कार. तब्येत ठीक, गुडघा तसाच, मूलबाळ नाही, बढतीही नाही, जेवण झालंय." समोरचा बिचारा हात जोडून पुढे सरकायचा. मावशी कळवळून म्हणायची, "अहो, माणसांना विचारू तरी द्या! विचारण्यातच माया असते."

"माया ठीक आहे गं, पण टाइम जातो ना."

एकदा मात्र फजिती झाली. बऱ्याच नव्या मशिनी एकदम आल्या आणि काकांनी सगळ्यांना तीच फाइल दिली. दर वेळी नाव तेवढं बदलायचं असतं, ते राहिलं. फाइलीत चाचणीपुरतं मावशीचं नाव घातलेलं! सगळे सर्व्हर 'सुमन' झाले, नेटवर्कवर कोण कुठली ते कुणाला कळेना, आणि अर्धा कारखाना खोळंबला. साहेब कडाडले, तर काका शांतपणे म्हणाले, "काय करू साहेब, एकीला हाक मारली की सगळ्या ओ देतात." मावशीनं आठवडाभर अबोला धरला. शेजारणींना मात्र तो किस्सा तीच रंगवून सांगायची, आणि सांगताना पदराआड हसायची.

काकांच्या निवृत्तीआधीच्या हिवाळ्यात मावशी गेली. पुढे कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं आणि काकांनी अयोध्या नगरात फ्लॅट घेतला. सामान लावायला मी इंदूरहून गेले, तर स्वयंपाकघर त्यांनी आधीच लावलेलं. मिसळणाचा डबा, पोळपाट, चहाचं गाळणं, जुन्या घरी मावशीनं ठेवलं होतं अगदी तसंच. मी कौतुक केलं. काका ओट्याला टेकून उभे राहिले.

"सगळं जागच्या जागी आहे गं. पण घर लागत नाही."

संध्याकाळी त्यांनी स्कूटर काढली आणि मला मागे बसवून थेट जुन्या क्वार्टरपाशी नेलं. तिथं आता एक नवं जोडपं राहत होतं. त्यातल्या, अंगणात पाणी घालणाऱ्या मुलीनं काकांना ओळखलं असावं.

"अंकलजी, अंदर आइए ना."

"नहीं बेटी. वो नींबू का पेड़ ठीक है?"

"खूब लगे हैं! आंटीजी ने लगाया था ना? पड़ोस में सब उनकी बात करते हैं." तिनं ओंजळभर लिंबं तोडून कुंपणावरून माझ्या पिशवीत टाकली. मग जरा घुटमळून म्हणाली, "कैसी थीं वो?"

काकांनी कुंपणाची तार धरली आणि बोलायला सुरुवात केली. रस्त्यावरचे दिवे लागले तरी ते बोलतच होते. ती मुलगी पाण्याचा पाइप हातात तसाच धरून ऐकत होती. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

परतताना त्यांनी मान न वळवता विचारलं, "तुला लिंबाचं लोणचं येतं? तिच्यासारखं?"

"नाही, काका."

"मलाही नाही."

घरी आल्यावर आम्ही लिंबं धुऊन ओट्यावर ठेवली. ती कापायचं मात्र दोघांनीही नाव काढलं नाही.