काटवलाचं सोवळं

आमच्या शेजारीणबाईंबद्दल मला आजही चांगलं बोलवत नाही.

अकोल्याच्या सरकारी क्वार्टरात आमच्या आणि त्यांच्या अंगणांमध्ये तारेचं कुंपण होतं. वडील आणि बाईंचे यजमान एकाच कचेरीत कारकून. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला काही वर्षं झाली होती, पण आईने कोथिंबिरीची काडी पुढे केली तरी बाई म्हणत, "राहू द्या, हाये आमच्या घरी." एकदा तरी हिने माझ्या हातून काही घ्यावं, असं आईच्या मनाने घेतलं होतं. मला त्याचा संताप यायचा.

पावसाळ्यात तारेवर एक रानवेल चढायची. बाजारातून भाजीसाठी काटवलं विकत आणणारी आमची दोन्ही शहाणी घरं तिला तण समजून उपटत. एका वर्षी ती राहून गेली आणि तिवस्याहून आलेली मावशी हसत सुटली. "अवं, काटवलाचा येल हाये हा! बाजारात कायले जाता?"

आईने ताटभर काटवलं तोडून बाईंपुढे धरली. "आमाले नाई आवडत," बाई म्हणाल्या. दुपारी आमचं दार लोटलेलं पाहून त्याच बाई पदर खोचून तारेपाशी आल्या आणि ओटीभर तोडून गेल्या. आमच्या मोरीच्या पाण्यावर पोसलेलं काटवल त्यांना चाललं, आईचा हात तेवढा चालला नाही. असल्या सोवळ्याची मला किळस आली.

बाईंच्या अंगणातही तसलीच वेल होती, पण तिला नुसती फुलं. "हे वांझ कायले पोसा?" म्हणून त्यांनी ती कंदासकट खणून फेकली.

पुढच्या वर्षी आमच्या वेलीलाही काही धरेना. मी तेव्हा कॉलेजात सायन्सला होते. सरांना विचारलं तेव्हा कळलं, काटवलात नर-मादी वेली वेगळ्या असतात आणि बाईंनी नर वेल फेकली होती.

बाई आपण होऊन तारेपाशी आल्या. "कावून वं, यंदा लागले नाईत?"

आईचा चेहरा फुलला. तिने हौसेने सारं समजावलं. "तुमच्या येलाबिगर आमचा फळत नाई, ताई."

बाईंनी सुटकेचा मोठा सुस्कारा सोडला. "म्हंजे मांगच्या साली आमी खाल्ले ते आमचेच होते म्हना!"

 त्यानंतर आईने त्या तारेवरून पलीकडे कधीच काही धरलं नाही.