बादलीवाले डॉक्टर

शस्त्रक्रिया आटोपली, की थिएटरबाहेरच्या बादलीत सर स्वतः हात घालायचे. सर्जनांनी कापून टाकलेलं जे काही असेल ते उचलून बाटलीत घालायचे आणि तळमजल्यावरच्या आपल्या प्रयोगशाळेत न्यायचे. वॉर्डबॉय त्यांना 'बादलीवाले डॉक्टर' म्हणत. ते त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा म्हणाले, "खोटं काय आहे त्यात?"

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी परळच्या एका इस्पितळात शिकाऊ डॉक्टर म्हणून नुकतीच लागले होते. मोर्च्यांतून डोकी फुटलेली माणसं यायची, खाटा अपुऱ्या पडायच्या. तळमजल्यावर फिरकायला कुणाला सवड नव्हती. मी जायचे, कारण सर शिकवायचे. "पित्ताशय हातात घेऊन मत देऊ नकोस," ते सांगायचे. "ते भल्याभल्यांना फसवतं."

एकदा खड्यांनी भरलेलं, अगदी साधं दिसणारं पित्ताशय त्यांनी बादलीतून उचललं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात कॅन्सर निघाला. ते मोठ्या सर्जनांना सांगायला गेले. सर्जन हसले. "तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं," म्हणाले. काही महिन्यांनी तो रोगी हळदीसारखा पिवळा होऊन परत आला आणि दगावला. सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटायचं, काढायला हवा होता.

मग पार्वतीबाई आल्या. चाळिशीच्या, लालबागच्या. नवरा गिरणीत साचे खात्यात, मागावर. पोटात उजवीकडे दुखणं, ताप, वजन उतरलेलं. मोठ्या सर्जनांनी पोट उघडलं. पित्ताशय दगडासारखं घट्ट, यकृताला चिकटलेलं. त्यांनी बोटानं चाचपलं आणि म्हणाले, "कॅन्सर. शिवून टाका."

जखमेची कड मी धरून उभी होते. एक तुकडा तपासायला पाठवू या का, हे ओठांपर्यंत आलं होतं. मी टाके घालायला सुई पुढे केली.

बाई नवव्या दिवशी तापानं गेल्या. शवविच्छेदन सरांनी केलं आणि काही दिवसांनी मला खाली बोलावलं. काचपट्टी लावून म्हणाले, "शोध."

मी तासभर शोधलं. कॅन्सरची एक पेशी सापडली नाही.

"सापडणार नाही," ते म्हणाले. "खडे, पू आणि जुनाट सूज. अशी सूज दगडासारखी होते, यकृतात शिरते. कॅन्सर काय नि ही सूज काय, डोळ्यांना आणि बोटांना दोन्ही सारखीच वाटतात. नुसता पू काढून नळी ठेवली असती, तरी कदाचित जगली असती."

अहवालात त्यांनी तेच लिहिलं. मोठ्या सर्जनांनी 'कॅन्सरचा संशय' एवढे शब्द घालायला सांगितले. सर म्हणाले, "मला संशय नाही." महिन्याभरात त्यांची बदली झाली, जिथं सूक्ष्मदर्शकच नव्हता अशा दवाखान्यात.

जाण्यापूर्वी ते मला घेऊन लालबागला गेले. चाळीच्या भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं डांबरानं लिहिलेलं होतं. पार्वतीबाईंचा नवरा पाळीवरून नुकताच आला होता, केसांत कापूस तसाच. दोघी मुली आत भाकऱ्या थापत होत्या. सर दारातच म्हणाले, "तुमच्या बायकोला कॅन्सर नव्हता. आमची चूक झाली."

तो उंबऱ्याबाहेर आला. "म्हणजे वाचली असती?"

"कदाचित."

त्यानं मागं वळून पाहिलं आणि दार अर्धवट ओढून घेतलं. "पोरींना सांगू नका, डाक्टर," तो हळूच म्हणाला. "देवानं नेली, असं समजून रात्री डोळा लागतो त्यांचा. माणसांनी नेली म्हटलं, तर जागतील नि काय." मग आत वळून ओरडला, "गो, चाय टाक. डाक्टर इलेत."

आम्ही तो चहा प्यालो. त्याच्या एका मुलीनं सरांना पुन्हापुन्हा विचारलं, साखर बरोबर आहे ना म्हणून.

ट्रामच्या थांब्यावर सर म्हणाले, "मला वाटलं होतं, तो अंगावर येईल. आला असता, तर बरं झालं असतं." ट्राम आली, तसे ते चढले. त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही. वर्षभरात ते वारल्याचं कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून.

त्यांच्या बदलीच्याच महिन्यात मोठ्या सर्जनांनी मला आपल्या हाताखाली घेतलं. मुलीला अशी जागा तेव्हा मिळत नसे. इस्पितळातल्या सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, आणि मी पेढे वाटले.