कुर्दिनचे बोलके दिवस

कुर्दिन स्टुपान मुळातच अबोल. इन नदीच्या खोऱ्यातल्या आपल्या गावी तो एकतीस वर्षं रोपवेची दुरुस्ती करत आला होता. खांबावर चढायचं, चाकांना वंगण घालायचं, दोर तपासायचा. वर बोलायला कोणी नसे, आणि खाली उतरल्यावरही त्याची सवय मोडत नसे. बायको सेराइना म्हणायची, "लग्नात 'हो' म्हणाला, तेवढंच. पुढचं मीच समजून घेत आले."

त्याचा मित्र बाल्झर टपाल वाटायचा आणि पाकिटातला मजकूर सोडून जगातलं सगळं सांगत सुटायचा. दोघं अठ्ठावन्न वर्षांचे. रविवारी डोंगरात सायकली हाणायच्या, हा वीस वर्षांचा नेम. एकदा खिंडी ओलांडत थेट गार्डा सरोवर गाठायचं, हेही बाल्झर वीस वर्षं बोलत होता आणि कुर्दिन मान डोलवत होता. त्या जूनमध्ये मात्र बाल्झर म्हणाला, "या सप्टेंबरात. पुढच्या वर्षी नाही."

पहिला दिवस कोस्ताइनासची खिंड चढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी वाल मोराच्या दरीत, ढासळलेल्या दगडांच्या उतारावरून जाणाऱ्या हातभर रुंद वाटेवर, कुर्दिनला मागे खडखडाट ऐकू आला. बाल्झर सायकलसकट पंधरा फूट खाली घसरला होता. कुर्दिनने उतरून त्याला वर ओढलं. कोपर सोललं होतं, एवढंच. मग त्याने वाटेकडे पाहिलं. डाव्या कडेला पेटीएवढा दगड होता.

"हा दिसला नाही तुला?"

"नाही." बाल्झर कोपरावरची माती झटकत राहिला. "मला बाजूचं दिसत नाही. समोर बशीएवढं दिसतं. मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, वर्ष-दोन वर्षांत तेही जाईल."

"म्हणून गाडी विकलीस?"

"गुडघे दुखतात म्हणून विकली, असं तुला सांगितलं होतं. तू पुढे काही विचारलंस का?"

कुर्दिनला राग आला, पण कोणाचा ते त्याला कळेना. "मागे फिरू," तो म्हणाला.

"फिर की. मागेही हीच वाट आहे, लेका."

दोघांनी सुकवलेलं मांस आणि पाव खाल्ला. मग कुर्दिन उठला. "माझ्या मागे राहा. मी सांगतो तसं चालव."

आणि तो बोलायला लागला. "डावीकडे दगड. झाडाचं मूळ. आता खड्डा. ओलं आहे, ब्रेक दाबू नकोस." अख्खी दुपार हेच. संध्याकाळी बोर्मिओच्या खानावळीत मालकिणीने काय हवं विचारलं, तर त्याच्या घशातून आवाजच फुटेना. बाल्झरने त्याच्यासाठी सूप मागवलं आणि पोट धरून हसला.

गावियाच्या घाटात सडक चांगली होती, सांगण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा बाल्झरच म्हणाला, "वर काय दिसतंय?"

"बर्फ. उजवीकडे. मळकं."

"टपालाचा अर्ज भरतोयस का? नीट सांग."

कुर्दिनने बराच वेळ विचार केला. "धुतलेली चादर कुणीतरी चिखलातून ओढून नेलीय, तसं," तो म्हणाला. पुढचे बारा किलोमीटर तो सांगत राहिला आणि बाल्झर ऐकत होता.

मोंतोत्सोच्या खिंडीवरून उतरणारी वाट नुसती दगडांची. तिथे बाल्झर आपणहून उतरला. "ही मला जमणार नाही." कुर्दिनला ती जमली असती. तोही उतरला. दोघं तीन तास सायकली ढकलत चालले.

सातव्या दिवशी ते गार्डा सरोवराच्या काठी, रीव्हाला पोचले. बाल्झर बुटांसकट पाण्यात शिरला आणि गुडघाभर पाण्यात बराच वेळ उभा राहिला.

घरी सेराइनाने विचारलं, "कसा झाला प्रवास?"

"चांगला."

बाकीचं तिला बाल्झरकडून कळलं. त्या रात्री जेवताना ती शांतपणे म्हणाली, "तुझ्याशी चार शब्द बोलायला माझेही डोळे जायला हवेत का?"

दुसऱ्या दिवशी ताटावर बसल्यावर कुर्दिन घसा खाकरून म्हणाला, "तीन नंबरच्या खांबाखाली हरणं आली होती. सहा."

"मग?"

"मग गेली." एक घास घेऊन त्याने भर घातली, "एक लंगडत होतं."

पुढच्या वसंतात बाल्झरने टपालाचं काम सोडलं आणि सायकल विकली. दोघांनी मिळून चालवायची सायकल घ्या, असं गावात कुणीतरी सुचवलं. बाल्झर उखडला. "उरलेला जन्म याच्या पाठीमागे बसून काढू? त्यापेक्षा आंधळा बरा." आता रविवारी दोघं पायीच जातात. कुर्दिन पाऊलभर पुढे असतो, आणि बाल्झर त्याच्या वर्णनांत खोट काढत असतो.