माझ्या नंबरवर आलेली मुदतवाढ

पुढं जे लिहितोय ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढं नाही, मुलीपुढं नाही. देवापुढं हात जोडले तरी मी घाईनं दुसरंच काहीतरी मागून घेतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. ज्या माणसाला आधी सांगायला हवं त्याला सोडून परक्याला सांगणं — हाही भित्रेपणाच. तो इथंच नोंदवून ठेवतो आणि पुढं जातो.

मी दिंद्रुडला राहतो आणि माजलगावच्या एका पतसंस्थेत हिशोब लिहितो. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर मला घास गिळवत नाही. घरातल्या सगळ्या तारखा माझ्याकडं असतात — विजेचं बिल, विम्याचा हप्ता, मुलीची फी. आणि घरातला मोबाइल नंबरही एकच, माझा. म्हणजे फोन दोघांकडं आहेत, पण बँकेत, आधारला, रेशनला, गॅसला, जिथं जिथं नंबर विचारतात तिथं शोभाच्या नावापुढंही माझाच नंबर आहे. आमच्याकडं यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. बाईमाणसाचा नंबर कशाला द्यायचा, असंच सगळे म्हणतात. हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

शोभा माझी बायको. गावातल्या अंगणवाडीत सेविका. दिवाळी झाली की निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि तिची पटावरची नावं नुसती नावं उरतात. जी आजीजवळ मागं राहतात त्यांना ती अंगणवाडीत खाऊ तर घालतेच, वर संध्याकाळी घरी जाऊन जेवलीत का बघून येते. खात्यानं दिलेल्या फोनमध्ये गावातल्या प्रत्येक मुलाचं वजन ती स्वतः भरते. आणि हिच्या नावापुढं नवऱ्याचा नंबर! पण तेव्हा हे मला कुठं खटकत होतं?

शिकायचं मूळ तिच्या डोक्यातून निघालं. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेलं, वडील गेले म्हणून. ती बारावी. शाखाधिकारी व्हायचं तर मला पदवी हवी होती. अंगणवाडीची पर्यवेक्षिका व्हायचं तर तिला. एक दिवस ती म्हणाली, "अहो, दोघं मिळून करू ना. मुक्त विद्यापीठाची फी लई न्हाई. रविवारचंच कॉलेज हाय."

मी आकडे मांडले. बी.कॉम.पेक्षा बी.ए.ची फी कमी, म्हणून बी.ए. छापील पुस्तकांचे पैसे वेगळे, म्हणून एकच संच. त्याची शिवण मी ब्लेडनं उसवली आणि प्रत्येक पुस्तकाचे दोन भाग केले — पुढचा अर्धा तिच्याकडं, मागचा माझ्याकडं, महिन्याभरानं अदलाबदल. दर रविवारी एकाच मोटारसायकलवर माजलगाव. ती मागं बसून धडा विचारायची, मी पुढून उत्तर द्यायचो. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो की तिचे दोन प्रश्न जास्त होत. दुपारी कॉलेजच्या लिंबाखाली डबा. आमच्या वर्गात एक हवालदार होता, दोन आशाताई होत्या, केस पिकलेला एक कंडक्टर होता. खरं सांगू? लग्नानंतर आम्ही इतकं बोललो ते त्याच वर्षी.

मग निकाल लागला.

शोभा सगळ्या विषयांत पास, तीही पहिल्या वर्गात. मी समाजशास्त्रात नापास. मला आकडा विचारा, मी चूक काढून देईन. 'स्वरूप स्पष्ट करा' म्हटलं की माझं पेन चार ओळींत थांबतं. ती त्याच प्रश्नाला तीन पानं लिहायची — गावातलीच उदाहरणं देऊन. ज्या अर्ध्या पुस्तकावर मी अडकलो होतो, त्याच अर्ध्यावर ती पास झाली.

ती तोंडावर आनंद दाखवेना. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा मी दारातच होतो. शोभा म्हणाली, "दोघंबी पास झालो, काकू." माझ्यासाठी ती खोटं बोलली. मला तेव्हा बरं वाटायला हवं होतं ना? मला राग आला. का आला, ते मी पुष्कळ दिवस स्वतःला विचारलंही नाही.

पण माजलगाव लहान आहे. पतसंस्थेत कॅशिअर दत्ताला कळलंच. "काय बे, वहिनी फर्स्टक्लास अन् तू लटकला? आता डबा तू करत जा, अभ्यास तिला करू दे." सगळे हसले. मीही हसलो. दत्ताच्या मनात काही नव्हतं. दुपारी त्यानंच चहा पाजला. हे सांगतोय ते दत्तावर ढकलायला नाही. तो बोलला नसता तरी मी तेच केलं असतं असं मला वाटतं.

नापास विषय ठेवूनही दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येत होता. अर्ज ऑनलाइन भरायचे, बसस्टँडजवळच्या एका नेट कॅफेत. शोभानं दोघांची कागदपत्रं एका पिशवीत घालून दिली, वर तिच्या फीचे पैसे रुमालात बांधून. तिच्या मानधनातले होते. मी कॅफेत बसलो, माझा अर्ज भरला. कॅफेतला पोरगा म्हणाला, "काकूंचाबी भरू का आत्ताच?"

मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे. नंतर."

एवढंच. त्या क्षणी मी काही ठरवलं होतं का? नव्हतं — असं मी पुढं खूप वेळा घोकलं. घरी आलो. "माझं झालं का?" तिनं विचारलं. सर्व्हर बंद पडला, म्हणालो. दुसऱ्या दिवशी, गर्दी होती. मग ऑडिट होतं. ऑडिट खरंच होतं. खोट्याला टेकू द्यायला खरं नेहमी हाताशी असतं. शेवटची तारीख मला माहीत होती. त्या दिवशी मी कॅफेवरून गेलो, पिशवी मोटारसायकलच्या हँडलला लटकत होती, आणि मी गाडी थांबवली नाही.

दोन दिवसांनी तिला सांगितलं, "शोभा, तारीख गेली. माझ्या ध्यानातच राहिलं नाही."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. मी — खरं सांगतो — तिनं ओरडावं म्हणून वाट बघत होतो. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो आणि प्रकरण भांडणात मिटलं असतं. ती म्हणाली, "जाऊ द्या. तुमच्यामागं ऑडिट लागलंतं. मानसाच्या ध्यानात काय काय ऱ्हानार?" वर मलाच विचारलं, "तुमचा भरलाय ना पर? तेवढं झालं बास."

मला वाटलं, संपलं.

पण आमच्याकडं शेवटची तारीख कधी शेवटची असते का? त्याच आठवड्यात एका संध्याकाळी फोन वाजला. विद्यापीठाचा मेसेज. प्रवेशाला मुदतवाढ, विलंब शुल्कासह. वर नाव तिचं — शोभा — आणि नंबर माझा. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलो होतो. ती माझ्यापासून हातभर अंतरावर भाकरी थापत होती. विलंब शुल्क किती, तेही लिहिलं होतं. आम्ही महिन्याला दुधाला द्यायचो त्याहून कमी. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — अगं, तारीख वाढली. तीन शब्द.

"कुनाचा हाय?" तिनं तव्यावरची भाकरी उलटत विचारलं.

"कंपनीचा," मी म्हणालो. आणि मेसेज पुसून टाकला.

'विसरला असेल', असं तुम्ही इथवर म्हणू शकला असता. इथून पुढं म्हणता येणार नाही. पण अजून एक गोष्ट राहिली आहे, आणि तीच खरी. मी इतका वेळ त्या गोष्टीभोवती फिरतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल.

पर्यवेक्षिकेच्या जागेला वयाची अट होती. खात्याचं पत्रक शोभानं घरी आणलं होतं, ते मीच वाचून तिला समजावलं होतं. तिची जन्मतारीख मला पाठ आहे. तीन वर्षांत पदवी झाली तर ती त्या वयाच्या आत बसत होती, जेमतेम. एक वर्ष चुकलं की बाहेर. हे गणित मी त्या संध्याकाळी मेसेज पुसल्यावर केलं नाही. मी ते कॅफेत बसलो असताना केलं होतं. 'ऱ्हाऊ दे, नंतर' म्हणायच्या आधी. पोरगा माझा फोटो अपलोड करत होता, आणि मी मनात तिचं वय मोजत होतो. ज्या माणसाला हिशोबाशिवाय दुसरं काही येत नाही, त्यानं हिशोब न करता काही केलं असेल, यावर कोण विश्वास ठेवेल? मी स्वतः ठेवला. कितीतरी वर्षं.

का केलं? ती पर्यवेक्षिका झाली असती तर जीपमधून फिरली असती, पगार माझ्यापेक्षा जास्त झाला असता, गावातल्या बाया तिला मॅडम म्हणाल्या असत्या. आणि मी समाजशास्त्रात नापास झालेला तिचा नवरा. हे कारण आहे. सबब नाही. एवढंसं कारण आहे, हेच मला जास्त लागतं.

पुढच्या वर्षी मी तिला म्हणालो, आता घे प्रवेश. ती हसली. "आता कावून? वय गेलं की. ते पैसे पोरीच्या पॉलिटेक्निकला लागतेत." त्यातही हिशोब तिचा बरोबर होता.

आणि मग तिनं माझा अभ्यास घेतला. पुस्तकाचे दोन्ही अर्धे भाग तिनं पुन्हा दाभणानं शिवले. रविवारी मी एकटा माजलगावला जायचो. लिंबाखाली हवालदार विचारायचा, वहिनी कशा न्हाई आल्या? घरचं काम, मी सांगायचो. घरी आलो की ती विचारायची, काय शिकवलं? मला धड सांगता यायचं नाही, म्हणून ती धडा वाचून मलाच समजावायची. "आपल्या गावचंच लिवा की," म्हणायची. "कोन कुनाच्या चुलीवर जेवतं, ह्येच की समाजशास्त्र." मी पास झालो. पुढची दोन्ही वर्षं पास झालो. पदवीचा कागद आला तेव्हा तिनं तो फ्रेम करून बैठकीत लावला. पाहुणे आले की सांगते, "आमची डिग्री." आमची! लोकांना ते कौतुक वाटतं. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून आत जातो.

शाखाधिकारी मी झालो. आज शोभाच्या अंगणवाडीची तपासणी करायला जी पर्यवेक्षिका येते ती तिच्याहून वयानं बरीच लहान आहे. पोषण आहाराचं कसं लिहायचं, हे ती बाई शोभालाच विचारते. शोभा तिला मॅडम म्हणते, चहा करून देते, आणि घरी येऊन सांगते, "गुणाची पोरगी हाय." तिच्या आवाजात मी नेहमी काहीतरी शोधतो. अजून सापडलेलं नाही.

माझ्या फोनवर अजूनही तिच्या नावाचे मेसेज येतात. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला विद्यापीठाचाही एक येतो — प्रवेश सुरू. वाजला की मी फोन पालथा ठेवतो. मी ते आता पुसत नाही. दाखवतही नाही. तिला कधी वाटलं, सहज फोन हातात घेतला, वर वर सरकवत गेली — ही धास्ती मला रोजची आहे. कॅफेतला तो पोरगा बाजारात दिसला तर मी रस्ता बदलतो. त्याला काय आठवत असणार? तरी बदलतो. आणि हे छापून आलं तर ती वाचेलच. ती सगळं वाचते, पुडीचा कागदसुद्धा.

मागच्या महिन्यात तिच्या बँकेतून केवायसीचा निरोप आला. आम्ही दोघं गेलो. फॉर्मवर मोबाइल नंबरचा रकाना आला तसा मी पेन थांबवलं आणि म्हणालो, "शोभा, आता तुझाच नंबर टाकू. सगळीकडं बदलून घेऊ."

"कावून?" ती म्हणाली.

तीन शब्द तेव्हाही होते. काउंटरवरची मुलगी थांबली होती, मागं रांग होती, आणि मी पेन धरून उभा.

"ऱ्हाऊ द्या तुमचाच," शोभा म्हणाली. मग त्या मुलीकडं बघून हसत, "ह्यांच्यावानी तारखा कुनाच्या ध्यानात ऱ्हात न्हाईत, बाई. इतक्या वर्षांत एकदाच तर चुकली."

मी रकान्यात माझा नंबर लिहिला.

तारीख चुकली नव्हती.