पाचव्या प्रश्नाचं उत्तर

माझी मावशी डूख धरते. हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि ती "बरं मग?" म्हणून चहाचा कप पुढे सरकवते. घरातले बाकीचे तिला शांत समजतात. अकरा वर्षं ती एका माणसाची वाट बघत होती आणि एवढ्या काळात तिने आवाज एकदाही चढवला नाही, यालाच लोक शांतपणा म्हणत असतील तर म्हणोत.

ती स्ट्रक्चरल कन्सल्टंट आहे, म्हणजे इमारतीत सळ्या कुठे, किती आणि केवढ्या जाड, हे ठरवणारी. कुणाच्या नोकरीत नाही. घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस, एक लांब टेबल, कागद ओढताना कण्हणारा प्रिंटर आणि गेली आठ वर्षं समोरच्या खुर्चीत मी. ड्रॉइंग ती कम्प्युटरवर करते, पण टिपा छापलेल्या कागदावर हाताने लिहिते, बारीक, उभ्या, टोकदार अक्षरात. इथल्या कुठल्याही साइटवरचा माणूस ते अक्षर चार हातांवरून ओळखतो. तेच तिला भोवलं.

झालं असं. एका दवाखान्याच्या दारावरचा छज्जा तिने डिझाइन केला. पाया भरून झाल्यावर मालकांच्या मनात आलं, की एसीची यंत्रं या छज्ज्यावरच ठेवू. मावशीने पुन्हा गणित केलं, वरच्या सळ्या जाड केल्या, त्यांच्यातलं अंतर कमी केलं आणि सुधारित ड्रॉइंग स्वतः साइटवर नेऊन दिलं. आमच्या धंद्यात ड्रॉइंगमध्ये जेवढं बदललं, त्याच्याभोवती ढगाच्या आकाराची रेघ काढतात, म्हणजे नजर चुकत नाही. हा ढग तर तिने लाल शाईने काढला होता. देखरेखीवर असलेल्या कन्सल्टंटने पोच म्हणून सही केली, ड्रॉइंग खणात टाकलं आणि जुन्या ड्रॉइंगवरच काम उरकलं. यंत्रं चढली त्याच आठवड्यात छज्जा झुकला. नशीब, खाली कुणी नव्हतं. छज्जा पाडला गेला आणि सगळ्यांनी मिळून प्रकरण मिटवलं.

मिटलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या देखरेखवाल्याला भाषणाची हौस. आम्हा स्वतंत्र कन्सल्टंट लोकांना दरवर्षी बारा तास व्याख्यानं ऐकावी लागतात, नाहीतर नोंदणीचं नूतनीकरण होत नाही आणि नोंदणी नसेल तर ड्रॉइंगवर सही करता येत नाही. त्यामुळे व्याख्यात्याला श्रोते आयते मिळतात, पळून जाणार कुठे? निमंत्रणावर याचं नाव कायम 'मार्गदर्शक' या शब्दाखाली छापलेलं, म्हणून मी त्याला मार्गदर्शकच म्हणते.

मार्गदर्शकाचं पहिलं गाजलेलं व्याख्यान होतं 'चुकांमधून शिकताना'. त्यात त्याने पडद्यावर मावशीचं जुनं ड्रॉइंग दाखवलं. लाल ढगवालं नव्हे, त्याच्या आधीचं. कोपऱ्यातल्या तिच्या नावावर काळी पट्टी लावली होती, पण टिपांचं अक्षर तसंच. "या कन्सल्टंटचा आत्मविश्वास बघा आणि सळ्या बघा," तो म्हणाला. सभागृह खो खो हसलं. मावशी चौथ्या रांगेत बसली होती.

दुसऱ्या दिवशी ती लाल ढगाचं ड्रॉइंग आणि सहीची पोच घेऊन आमच्या संघटनेच्या अध्यक्षांकडे गेली. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "अहो, पण त्यांनी तुमचं नाव कुठे घेतलंय?" म्हणाले. तिला काम देणाऱ्या तीन आर्किटेक्टचे फोन येईनासे झाले. त्यातला एक तर रस्त्यात दिसला की पलीकडच्या फुटपाथवर जायचा. पुढची दोन वर्षं मावशीने कुंपणाच्या भिंती आणि टाक्यांचे चबुतरे डिझाइन केले. ज्या बाईने सहा मजली इमारती उभ्या केल्या, तिने! आजही हे आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मग संघटनेचं सचिवपद रिकामं झालं. खुर्च्या मोजा, माइक तपासा, बिस्किटं आणा, हे कुणाला हवं असतं? मावशीने ते घेतलं. मला वाटलं, बाई हरली. तिने हळूहळू नियम केले. व्याख्यान संपलं की पाच प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका सोडवायची, तरच तास मिळतील. पाचही बरोबर असलेली एक उत्तरपत्रिका, नाव झाकून, पुढच्या परिपत्रकासोबत सगळ्यांना पाठवायची. आणि सात वर्षांपूर्वी आणखी एक नियम: तास हवे असतील तर व्याख्यात्यानेही प्रश्नपत्रिका सोडवायची. बैठकीत अध्यक्ष पेंगत होते, त्यांनी सही करून टाकली.

"व्याख्यात्याला कशाला गं परीक्षा?" मी विचारलं होतं.

"शिस्त नको का?" ती म्हणाली आणि कागदाला पंच मारू लागली. मला त्यात काहीच दिसलं नाही. मी तिची भाची, पण तिच्या पासंगालाही पुरत नाही.

गेल्या वर्षाच्या शेवटी आमचं शंभरावं व्याख्यान आलं. अध्यक्षांना मोठं नाव हवं होतं. एव्हाना मार्गदर्शक गावोगावी बोलून मोठा झाला होता. मावशी स्वतःहून म्हणाली, "त्यांनाच बोलवू. 'चुकांमधून शिकताना' हेच द्या म्हणावं, लोकांना फार आवडलं होतं."

घरी आल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "तुला लाज कशी वाटत नाही? त्याने तुला मातीत घातलं आणि तू त्याला हार घालणार?"

"प्रिंटरमध्ये कागद घाल," ती म्हणाली. "ऐंशी प्रती. दोन्ही बाजूंनी."

फोनवर मार्गदर्शकाने आपणहून विचारलं, "मॅडम, या व्याख्यानाचे तीन तास मला धरता येतील ना? वर्षभर बोलण्यातच गेलं, बसून ऐकायला सवड झाली नाही. नेमके तीनच कमी पडतायत."

"का नाही, सर? नियमाप्रमाणे मिळतील," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतका गोड मी कधी ऐकला नव्हता.

व्याख्यान झालं. तेच ड्रॉइंग, तीच काळी पट्टी, तोच विनोद. पुन्हा हशा पिकला. मी मागे उभी राहून दातओठ खात होते. मग मावशीने प्रश्नपत्रिका वाटल्या. पहिले चार प्रश्न साधे. लोकांनी कागद उलटला आणि खुर्च्यांची करकर थांबली.

पाचव्या प्रश्नात दोन ड्रॉइंग शेजारी शेजारी छापली होती. एक आत्ताच पडद्यावर पाहिलेलं, दुसरं ढगवालं. खाली पोच, तिच्यावर छज्ज्याचं काँक्रीट ओतण्याच्या पंधरा दिवस आधीची तारीख. सहीवर काळी पट्टी होती, पण सहीचं लांबलचक शेपूट पट्टीबाहेर आलं होतं. मार्गदर्शकाच्या व्याख्यानांची प्रमाणपत्रं निम्म्या सभागृहाच्या फायलींत होती आणि प्रत्येकावर हेच शेपूट. प्रश्न एका ओळीचा: छज्जा का झुकला? कोणामुळे, तेही लिहा.

मार्गदर्शक टेबलापाशी आला. "मॅडम, काय प्रकार आहे हा?"

"प्रश्नपत्रिका आहे, सर."

"ही सरळसरळ माझी बदनामी आहे!"

"असं कसं?" मावशी म्हणाली, अध्यक्षांनाही ऐकू जाईल अशा बेताने. "तुमचं नाव कुठे घेतलंय?"

अध्यक्ष त्या दिवशी टक्क जागे होते. 

उत्तरं मी तपासली. एकूणएक सगळ्यांनी तेच लिहिलं होतं: सुधारित ड्रॉइंग मिळूनही देखरेख करणाऱ्याने ते वापरलं नाही. फुटपाथ बदलणाऱ्या आर्किटेक्टच्या कन्सल्टंट भावानेही. मार्गदर्शकाचा कागद तेवढा कोरा, नावसुद्धा नाही. मला आनंद झाला. उघड सांगते, इतका आनंद मला माझी नोंदणी झाली तेव्हाही झाला नव्हता.

वर्ष संपायला तीन दिवस असताना तो आमच्या पुढच्या खोलीत आला. एका पुलाच्या कामावर त्याची सही व्हायची होती आणि तीन तासांवाचून नोंदणी अडली होती. मावशीने त्याला बसायला खुर्ची दिली, कोरी प्रश्नपत्रिका दिली. "दहा मिनिटं, सर."

त्याने खिशातून हिरव्या शाईचं पेन काढलं. हिरवी शाई आणि डावीकडे कललेलं अक्षर, ही त्याची सगळ्यांना ठाऊक असलेली ऐट. चार उत्तरं भराभर झाली. पाचव्यापाशी पेन थांबलं. मग त्याने लिहिलं: साइटवर चुकून जुनं ड्रॉइंग वापरलं गेलं.

मावशीने वाचून कागद परत सरकवला. "अर्धंच झालं. कोणामुळे, तेही विचारलंय."

मार्गदर्शकाने कागद पुन्हा जवळ ओढला. त्याने पुढे लिहिलं: सुधारित ड्रॉइंग माझ्याकडे पोचलं होतं. मी ते पाहिलं नाही. चूक माझी.

"झालं समाधान?" तो उठत म्हणाला.

"पाचपैकी पाच, सर," मावशी म्हणाली आणि तिथल्या तिथे तासांच्या पत्रावर शिक्का मारून दिला. त्याला वाटलं, सुटलो. मलाही क्षणभर वाटलं, आणि मला मावशीचा रागच आला.

दोन तारखेला परिपत्रक निघायचं होतं. पाचही बरोबर असलेली एक उत्तरपत्रिका सोबत जोडायची होती. मावशीने गठ्ठ्यातल्या इतर उत्तरपत्रिकांकडे पाहिलंही नाही.

नाव छापायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून त्यावर काळी पट्टी चिकटवली. मीच चिकटवली, पट्टी धरून, अगदी सरळ. आणि संघटनेचं परिपत्रक त्या महिन्यात पहिल्यांदाच रंगीत छापलं.