दिलीपच्या माइल्सवर बुसान: दोन तिकिटं, एक प्रवासी

माइल्सवर, म्हणजे विमानप्रवासातून साठलेल्या पॉइंट्सवर, परदेशी जायचं तर तिकिटं अकरा महिने आधी बघायची, हे मला दिलीपनं शिकवलं. विमान कंपन्या साधारण तेवढ्या आधी सीट्स खुल्या करतात आणि माइल्सवाल्यांसाठी त्यातल्या दोन-चारच ठेवतात. म्हणून मागच्या ऑगस्टमधल्या एका रविवारी, चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, पोह्यांची बशी बाजूला सारून माझा नवरा सकाळपासून लॅपटॉपला चिकटला होता.

दिलीप चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये डाय डिझाइन बघायचा. गाड्यांचे पत्रे ज्या साच्यात दाबून काढतात, ते साचे कोरियातून यायचे आणि त्यांच्या चाचण्यांसाठी त्याला वर्षातून तीन-चारदा तिकडे जावं लागायचं. तिकीट कंपनीचं, माइल्स त्याचे. बारा वर्षांत बरेच साठले होते. ॲपमध्ये त्यांच्यावर मिक्सर मिळतोय हे मी बघून ठेवलं होतं.

"मिक्सर घेऊन टाक ना. आपला खरखर करतो."

"त्या मिक्सरला जेवढे लागतात ना, तेवढ्यात तू दिल्लीला जाऊन येशील. कॅटलॉगमधून वस्तू घेणं म्हणजे माइल्स फुकट घालवणं."

मग त्यानं मला पूर्ण गणित समजावलं. ज्या कंपनीचे माइल्स, तिच्याच विमानात बसायला हवं असं नाही. तिच्या भागीदार कंपनीच्या विमानात तीच सीट कधी कधी निम्म्या माइल्समध्ये मिळते. कर मात्र रोख भरावे लागतात आणि ते प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून शेवटच्या पानापर्यंत जाऊन आकडा बघायचा. क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स सीट डोळ्यांना दिसल्याशिवाय माइल्समध्ये वळवायचे नाहीत, कारण ते परत येत नाहीत. दुपारी बारापर्यंत पुणे–दिल्ली–सोल अशी जुलैची दोन तिकिटं झाली. दोघांच्या करांचे मिळून एकवीस हजार रुपये गेले, बाकी सगळं माइल्सवर. दोघांचं बुकिंग एकत्र, त्याच्याच खात्यातून. ही चूक होती, पण ते फेब्रुवारीनंतर कळलं.

फेब्रुवारीत फर्स्ट शिफ्टच्या चहाच्या वेळी दिलीप कंपनीच्या कँटीनमध्ये खाली कोसळला. एक्कावन्न वर्षांचा होता. याहून जास्त मला इथे लिहायचं नाही.

मे महिन्यात मी विमान कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. त्याचं तिकीट रद्द करायचं होतं, माझं ठेवायचं होतं. पलीकडची मुलगी मराठी निघाली.

"मॅडम, खातं सरांचं आहे. सरांना फोन द्याल का?"

"ते नाहीत."

"कधी येतील?"

मी सांगितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मृत्यूची नोंद केली की खातं गोठतं. त्या खात्यातून काढलेली सगळी तिकिटं रद्द होतात. तुमचंही. नंतर माइल्स वारसाला मिळतात, पण ही सीट परत मिळणार नाही."

"मग मी काय करू?"

"मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. तुम्ही मला काय सांगितलंत, तेही मला नीट ऐकू आलं नाही. लाइन खराब आहे." आणि तिनं फोन ठेवला.

म्हणजे मला जायचं असेल, तर मी परत येईपर्यंत विमान कंपनीच्या लेखी दिलीप जिवंत राहायला हवा होता. ओटीपी त्याच्या नंबरवर यायचे, म्हणून त्याचं सिमकार्ड चालू ठेवलं, फोन चार्ज करत राहिले. ॲप उघडलं की त्याच्या नावानं स्वागत व्हायचं. जूनमध्ये त्याच्या वाढदिवसाला शुभेच्छा आल्या. जायच्या आदल्या आठवड्यात संदेश आला: प्रवासाची तयारी झाली का, दिलीप?

सासूबाई मोशीला धाकट्या दिरांकडे, सतीशरावांकडे असतात. त्यांना सांगायला गेले. वाटलं होतं, चिडतील. त्या म्हणाल्या, "तिकिट त्यानं काढलंय न्हवं? मंग जा की. त्यानं काढलेलं वाया कशापायी घालवायचं?"

पुणे ते सोल

चिंचवडहून लोहगावला कॅबचे साडेसहाशे रुपये झाले. नाशिक फाट्यावर पाऊण तास अडकले. या रस्त्यानं जाणाऱ्यांनी घरातून साडेतीन तास आधी निघावं, माझं ऐका.

काउंटरवरच्या मुलीनं माझा पासपोर्ट घेतला आणि माझ्या मागे बघितलं. "सर?"

"ते आले नाहीत."

"येतायत ना? त्यांचं चेक-इन झालंय."

मी केलं नव्हतं. ती म्हणाली, आता सिस्टिम आपोआप करते, आदल्या दिवशीच. तेवढ्यात पर्समधला दिलीपचा फोन थरथरला. त्याचा बोर्डिंग पास आला होता, दोन्ही विमानांत सीट बावीस ब. माझी बावीस अ, खिडकीची. त्यानंच निवडलेली.

"ते येणार नाहीत," मी म्हणाले. तिनं काहीतरी टाइप केलं आणि "ओके मॅडम" म्हणाली. मला वाटलं, झालं.

गेटवर त्याचं नाव पुकारलं गेलं. आधी इंग्रजीत, मग हिंदीत. स्पीकरमधून त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सबंध हॉलभर. पुण्याहून दिल्लीला जाणारे यात्री दिलीप, कृपया तत्काळ गेटपर्यंत यावे. लोक माना वळवून धावत येणारा माणूस शोधायला लागले. मीही वळले. खोटं कशाला सांगू, मी कॉफीच्या दुकानाकडे बघितलं, कारण तो नेहमी तिथेच रेंगाळायचा.

तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी उठून माईकवर पुकारणाऱ्या माणसाजवळ गेले आणि म्हणाले, "त्यांचं नाव घेऊ नका. मी त्यांची बायको. ते येणार नाहीत." त्यानं माझ्याकडे बघितलं, यादीत पेनानं एक रेघ मारली आणि माईक बंद केला.

दिल्लीहून पुढचं विमान भागीदार कंपनीचं होतं. पेनाची ती रेघ त्यांच्या संगणकापर्यंत पोचली नव्हती, हे मला हवेत गेल्यावर कळलं. विमान भरलेलं होतं. फक्त बावीस ब रिकामी. दिवस मावळत होता, आतले दिवे मंद केले होते, आणि कोरियन हवाई सुंदरी एक ट्रे घेऊन सर्वांच्या आधी आमच्याच रांगेत आली. खास मागवलेलं जेवण आधी देतात.

"डायबेटिक मील," ती इंग्रजीत म्हणाली. "बावीस ब."

साखरेमुळे दिलीपनं ते ऑगस्टमध्येच नोंदवून ठेवलं होतं. तिनं रिकाम्या सीटकडे बघितलं, मग मागे स्वच्छतागृहाकडे, आणि समजल्यासारखी मान हलवून ट्रे त्याच्या टेबलावर मांडून गेली. मी तिला थांबवलं नाही. उकडलेल्या भाज्यांची वाफ वर येत होती. तासाभरानं ती ट्रे न्यायला आली तेव्हा म्हणाली, "झोपलेत का ते?" आणि मग तिची नजर सीटवर गेली. सीटचा पट्टा लावलेला होता. रिकाम्या सीटचे पट्टे सफाईवाले लावून ठेवतात, हे मला माहीत आहे. तरी उरलेला वेळ मी खिडकीबाहेर बघत बसले.

बुसान

सोलहून बुसानला वेगवान रेल्वेनं अडीच-तीन तास लागतात, तिकीट आपले साडेतीन-चार हजार. हॉटेल मी समुद्राच्या जवळ घेतलं होतं, रात्रीचे चार हजार. बुकिंग माझ्या एकटीच्या नावानं, हे मी मुद्दाम दोनदा तपासलं होतं. खोलीत चपलांचे दोन जोड होते आणि नाश्त्याची दोन कुपनं. सगळ्या खोल्यांत असतात, असं रिसेप्शनवाला म्हणाला.

पहिले दोन दिवस मी सगळे जातात तशीच फिरले. मासळी बाजारात बायका टबात हात घालून जिवंत ऑक्टोपस काढतात आणि गिऱ्हाइकाशी अगदी आपल्या पिंपरीच्या मंडईत भांडावं तशा भांडतात. समुद्रकिनाऱ्यावर धुकं इतकं दाट होतं की लाटांचा आवाज यायचा, पाणी दिसायचं नाही. शाकाहारींनी सोबत खाऊ न्यावा. मी मासे खाते, माझं निभलं.

तिसऱ्या दिवशी मी बसनं चांगवॉनला गेले. साचे बनवणारी कंपनी तिथे. बस स्वच्छ, एक तास, तीनशे रुपये. उतरल्यावर मला क्षणभर कळेना मी कुठे आले. रुंद सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना लांबलचक शेड, कुंपणं, मालाचे ट्रक, हवेत यंत्रांवर ओततात त्या कटिंग ऑइलचा तुरट वास. चाकण एमआयडीसीतली माणसं काढून घेतली आणि रस्ता धुतला, तर असंच दिसेल. भर दुपारी त्या अख्ख्या रस्त्यावर चालणारी मी एकटीच होते.

दिलीप जिथे रोज जेवायचा ती खानावळ मला शोधायची होती. त्यानं फोनवर तिचे फोटो पाठवले होते: निळा दरवाजा, बाहेर किमचीची, म्हणजे तिथल्या कोबीच्या लोणच्याची मडकी. सापडली. आत पाच टेबलं आणि एक साठीची बाई. भात, तळलेला मासा आणि सूप मिळून साडेपाचशे रुपये झाले. जेवण झाल्यावर मी तिला माझ्या फोनमधला दिलीपचा फोटो दाखवला आणि भाषांतराच्या ॲपमध्ये बोलले, "हे माझे पती. ते इथे यायचे."

ती हसली. ओळखल्याचं हसू, त्यात चूक होत नाही. दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि भराभरा बोलायला लागली. फोन थोडा अडखळला, मग त्यातली यांत्रिक बाई हिंदीत बोलली: "हाँ, पिछले हफ़्ते आए थे।"

मला वाटलं भाषांतर चुकलं. मी परत विचारलं, मागच्या वर्षी का? तिनं मान हलवली, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि बोट ठेवलं. मागचा गुरुवार. मग कोपऱ्यातलं टेबल दाखवलं, भिंतीला पाठ करून बसल्याचा अभिनय केला, आणि वाटीवर आडवी रेघ ओढून अर्धी वाटी दाखवली. अर्धा भात ठेवला, असं.

दिलीप कायम भिंतीला पाठ करून बसायचा. भात अर्धाच खायचा.

"एकटे होते?" मी विचारलं.

एक बोट. एकटा.

मी तिला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिनं तेवढ्यात माझ्यासमोर कापलेलं कलिंगड ठेवलं. पैसे घेतले नाहीत. बाहेर येऊन मी दिलीपच्या चाकणच्या सहकाऱ्याला, काळे भाऊंना, फोन लावला.

"भाऊ, मागच्या आठवड्यात आपलं कोणी चांगवॉनला आलं होतं का?"

"नाही वहिनी. मार्चपासून कोणालाच पाठवलं नाही. का हो? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मी म्हणाले.

दुसरा कोणी भारतीय असेल. त्या बाईला आपले सगळे चेहरे सारखे वाटत असतील. बसमध्ये तासभर मी स्वतःला हेच सांगत होते. भीती वाटली का, तर वाटली. पण त्याहून जास्त राग आला, की मी एका आठवड्यानं चुकले.

घरी

परतीच्या प्रवासात काही घडलं नाही. बावीस ब मध्ये एक कॉलेजची मुलगी बसली आणि दिल्लीपर्यंत घोरली.

चिंचवडला आल्यावर चार दिवसांनी मी मृत्यूचा दाखला, वारसाचं प्रतिज्ञापत्र आणि माझं ओळखपत्र जोडून अर्ज पाठवला. उरलेले माइल्स महिनाभरात माझ्या खात्यात आले. तुम्ही जोडीनं माइल्सवर तिकिटं काढत असाल, तर ज्याचं तिकीट त्याच्याच खात्यातून काढा आणि शक्य असेल तिथे वारसाचं नाव आजच टाका. माइल्सची किंमत चांगली मिळाली का, असं विचाराल तर हो. रोखीनं या दिवसांत दोघांचे दीड लाख तरी झाले असते. खोटं बोलून गेले, हे मात्र मला पटलेलं नाही, आणि परत तशी वेळ आली तर परत जाईन, हेही खरं.

आल्यावर दोन दिवसांनी मोशीला गेले होते, तेव्हा सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांना सगळं सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "भेटला का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, मी पोचायच्या आधीच्याच गुरुवारी तिथं जेवून गेले म्हणे. थोडक्यात चुकामूक झाली."

मला वाटलं त्या रडतील किंवा मला वेड्यात काढतील. त्यांनी सोललेली पाकळी ताटलीत टाकली.

"व्हय? मंग बरोबर हाय."

"काय बरोबर आहे?"

"त्यो गेल्यापास्नं हितं रोज दिवे लागायच्या वख्ताला गेट वाजायचं. कंपनीतनं येताना हितं डोकवायचा, तवा वाजायचं तसंच. मी कुणाला बोलले न्हाई. सतीश म्हनला आसता म्हातारीला चळ लागला." त्या थांबल्या. "तुझ्या जायच्या आधी आठ-धा दीस वाजायचं बंद झालं. मला घोर लागला व्हता, कुटं गेला म्हनून."

आत सतीशरावांचा टीव्ही चालू होता.

"आणि आता?" मी विचारलं.

"परवापास्नं परत वाजतंय," त्या म्हणाल्या आणि पुढची गड्डी फोडायला घेतली.

चहा घेऊन मी निघाले. पाच-सव्वापाच झाले असतील, चांगलं ऊन होतं. गेटबाहेर येऊन मी ते ओढून घेतलं आणि सवयीनं कडीला हात गेला. मग कडी न लावता तशीच सोडली आणि रिक्षा बघायला लागले.